भट्टीचा चौथा डोळा

आमच्या गावच्या भट्टीला चार डोळे आहेत. तीन तापमान बघतात. चौथा देव बघतो.

पहिले तीन भट्टीबरोबरच आले. चौथा नगरपालिकेच्या ठरावानं आला, आणि आल्या दिवशीच त्यानं सगळी भट्टी बंद पाडायची वेळ आणली. त्या दिवशी पाळीवर मी होते, म्हणून हे सांगणंही माझ्याकडंच.

आधी भट्टी कशासाठी, ते सांगते. हिंगणखोऱ्याचा कचरा डेपो आमच्या घराच्या मागच्या खिडकीपासून चारशे पावलांवर होता. मी मोजलेली आहेत. चाळीस वर्षांचा कचरा, आतून कायम धुमसणारा. उन्हाळ्यात तो आपोआप पेटायचा, पावसाळ्यात धूर जमिनीलगत चालत थेट स्वयंपाकघरात यायचा. माझी जुई तीन वर्षांची. आई, आजी, भूभू आणि पंप, हे तिचे पहिले चार शब्द. पंप म्हणजे श्वासासाठी तोंडाला लावायचा तो निळा पंप. डॉक्टर म्हणाले होते, घर बदला. घर बदलणं आम्हाला जमण्यातलं नव्हतं, म्हणून मी डेपो बदलायच्या कामाला लागले. भट्टी येणार असं कळल्यावर पहिला अर्ज माझा होता.

लोकांना वाटतं भट्टीत कचरा जळतो. तो जळत नाही. जाळलं की धूर होणारच, डेपोवर तेच चालू होतं. आमच्या भट्टीत दोन धातूच्या टोकांमधून हवेतच वीज सोडतात. हवेचे कण फुटतात, विजेनं भारले जातात, आणि पाच हजार अंशांची एक निळसर पांढरी जीभ तयार होते. ढगात क्षणभर चमकणारी वीज नळीत धरून ठेवावी तसं. तिला प्लाझ्मा म्हणतात, आम्ही मशाल म्हणतो. त्या उष्णतेत आणि मोजक्याच हवेत कचऱ्याला पेटायला सवडच मिळत नाही, त्याचे रेणू सुटे होतात. केळीची साल, चप्पल, गादीचा कापूस, सगळ्याचा शेवटी एकच वायू होतो. तो झटक्यात थंड करायचा, म्हणजे सुटे झालेले विषारी रेणू पुन्हा एकमेकांना शोधत नाहीत. मग त्यावर इंजिन चालतं आणि गावचे दिवे लागतात. काच, माती, खिळे वितळून तळाशी रस होतो. तो पाण्यात सोडला की काळी चकचकीत काच, तिच्यात शिशासारखे विषारी धातू कायमचे बंद.

अडचण एकच. ह्या रसाला गोठू द्यायचं नाही. मशालीची उष्णता एकटी पुरत नाही, निम्मीअधिक उष्णता, त्या मोजक्या हवेशी संयोग होताना, कचराच देतो. म्हणजे भट्टीला सतत खायला घालावं लागतं, तान्ह्या बाळासारखं. पट्टा थांबला की तापमान घसरतं. चौदाशे अंशांखाली रस गुळाच्या पाकासारखा तळाला धरतो, आणि मग भट्टीत तयार होते बावीस टनांची चिक्की. ती फोडायला आठ महिने.

ती वेळ न येऊ देता गावाला भट्टी सांभाळता येते का, हे बघायलाच बहात्तर तासांची चाचणी होती. बहात्तर तास भट्टी चौदाशेच्या वर ठेवून दाखवायची. जमलं तर डेपो कायमचा बंद. नाही जमलं तर भट्टी यादीतल्या पुढच्या गावाला, आणि डेपो आम्हाला.

चाचणीला मुंबईहून डॉक्टर रिबेलो आल्या होत्या. मूळच्या वसईच्या, साठीच्या, केस बारीक कापलेले, हातात वही. पहिले दोन दिवस त्या माझ्या शेजारी बसून दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत होत्या आणि अधूनमधून सुकी भेळ खात होत्या. आकडा साडेपंधराशेच्या आसपास. हलत नव्हता. मी मनातल्या मनात मागच्या खिडकीला पडदे शिवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नाना शेटे चौथा डोळा सुरू करायला आले.

नाना आमचे आरोग्य सभापती. आमच्याच गल्लीतले, माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीनं वाढलेले. त्यांचा ठराव असा होता की देवाची कोणतीही प्रतिमा भट्टीत जाता कामा नये. हसू नका. गावात असं एक घर दाखवा जिथं गणपतीचं चित्र असलेली लग्नपत्रिका सरळ कचऱ्यात टाकतात. आमच्याकडं मी कात्रीनं गणपती कापून घेते आणि मग पत्रिका टाकते. कापलेल्या गणपतींचं काय करायचं ते मला माहीत नाही, ते ड्रॉवरमध्ये आहेत. शिवाय जुनी कॅलेंडरं, उदबत्तीचे पुडे, फुटक्या काचेच्या तसबिरी. लोकांच्या मनात खरंच धास्ती होती.

पुण्याहून यंत्र शिकवणारी दोन मुलं आली. पट्ट्यावर कॅमेरा लावू, म्हणाली, त्याला देव ओळखायला शिकवू. देव दिसला की पट्टा थांबेल, घंटा वाजेल, माणूस येऊन देव उचलेल, हिरवं बटण दाबेल, पट्टा पुन्हा चालू. फक्त शिकवायला फोटो लागतील. नानांनी गावाला आवाहन केलं, आपापल्या घरच्या देवांचे फोटो पाठवा. तेवीस हजार फोटो आले. त्या पोरांपैकी मुलगी म्हणाली, हे एकदा तपासून घ्यायला हवेत. नाना म्हणाले, "देवाच्या फोटोंची छाननी करणारे आपण कोण?"

आणि कुणी अश्रद्ध इंजिनिअरनं मधेच बंद करू नये म्हणून डोळ्याची तार थेट पट्ट्याच्या मोटरला जोडून घेतली. बंद करायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव.

"चाचणी संपू दे, नाना," मी त्यांना म्हटलं होतं. "उद्या सुरू करू."

"सूनबाई, मुंबईच्या बाई उद्या नसणार. त्यांच्यासमोर झालं पाहिजे."

झालं त्यांच्यासमोर. नानांनी पट्ट्याशेजारी नारळ फोडला, कळ दाबली, टाळ्या झाल्या. नारळाची एक करवंटी उडून पट्ट्यावर पडली. डोळ्याचा दिवा लाल झाला, घंटा वाजली आणि पट्टा थांबला.

"बघा," नाना कौतुकानं म्हणाले. "श्रीफळसुद्धा ओळखतंय."

पट्ट्याच्या बाजूच्या फळीवर हौसाक्का उभी होती. तीस वर्षं तिनं डेपोवर कचरा वेचला, आता ती भट्टीत पगारी आहे. तिनं करवंटी उचलली, लाल कापड घातलेल्या पाटावर ठेवली, बटण दाबलं. पट्टा दोन हात सरकला आणि पुन्हा घंटा.

"आता काय?" मी कंट्रोल रूममधून फोनवर विचारलं.

"सुपारी हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूजेत आपण गणपती म्हणून सुपारी मांडतो. गावानं पाठवलेल्या फोटोंत हजारभर तरी सुपाऱ्या असणार. आणि हिंगणखोऱ्यात सुपारी न खाणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

अकरा वाजेपर्यंत पट्टा एकतीस वेळा थांबला. हौसाक्का फोनवर एकेक देव सांगत होती आणि मी लिहून घेत होते. सुपारी. सुपारी. आल्याचा तुकडा. तांब्या. सुपारी. शेंदरी रंगाचा बूट. वांग्याचं देठ. मग ती थांबली.

"उत्तरा, ह्यो बाळाच्या लंगोटांचा पुडा हाय. रिकामा. त्याच्यावर हसरं पोर हाय नुसतं."

"बाळकृष्ण समजला असेल."

"मग आज काय खरं न्हाई. गावात पोरं लई हायत."

आकडा चौदाशे ऐंशी. डॉक्टर रिबेलो लिहीत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "हा चौथा डोळा तुमच्या यादीत आहे का?"

"नाही. माझ्या यादीत तापमान, वायू आणि रस. तुम्ही वर गुढी उभारलीत तरी माझी हरकत नाही. पण आकडा चौदाशेच्या खाली गेला की मी वही मिटते."

मशाल पूर्ण ताकदीनं लावली. आकडा पडायचा थांबेना, फक्त हळू पडू लागला. साडेअकराच्या सुमाराला पट्टा एका बटाट्यासाठी थांबला. कॅमेऱ्याचं चित्र मी मोठं करून पाहिलं. बटाट्याला एका बाजूनं लांब कोंब आलेला, सोंडेसारखा. असा बटाटा मी पाहिला होता. आमच्याच ओट्यावर.

मी घरी फोन लावला. आमच्या भागात सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे.

"आत्या, नानांनी मागितले तेव्हा तुम्ही किती फोटो पाठवले?"

"का गं?"

"सांगा तर."

"चारशे बारा," आत्या म्हणाल्या. आवाजात थोडा अभिमान होता. "बाकी बायांनी देव्हाऱ्याचा एकेक पाठवला. मी म्हटलं, देव काय देव्हाऱ्यातच असतो होय? तो बटाटा पाठवला, पेरूच्या झाडाची ती गाठ पाठवली, तुझ्या सासऱ्यांचा पाठवला."

"आणि जुईचे?"

"तिचे जरा जास्त झाले असतील."

मी त्यांना सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, आत्यांचा, आणि त्याच्या मागं जुईचा, शिट्टी वाजल्यासारखा. सकाळपासून दोनदा पंप झाला होता.

"आलेच," आत्या म्हणाल्या.

जुईला शेजारी ठेवून त्या साडेबाराला आल्या. हातात पितळी वाटी, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता, मागं गल्लीतल्या पाच बायका. नाना दारात उभे होतेच, घामाघूम.

"भावजी, तुमचा ठराव काय म्हणतो? भट्टीत देव जायला नको. बरोबर?"

"बरोबर."

"गणपतीची उत्तरपूजा झाली, अक्षता टाकून मूर्ती जागची हलवली, की तिच्यात देव राहतो का?"

"नाही राहत. मग ती माती."

"मग कचऱ्याची उत्तरपूजा करू. ह्यात कुठं देव राहिला असेल तर तो मानानं आपल्या जागी जाईल, आणि कचरा कचरा राहील."

नाना विचारात पडले. धर्मात बसत होतं. ठरावात बसत होतं. रिबेलोबाईंनी भेळेचा घास हातात धरून मान डोलावली, त्यांनाही ते तर्कशुद्ध वाटलं असावं.

बायका फळीवर ओळीनं उभ्या राहिल्या. नानांना येत होते तेवढे मंत्र त्यांनी म्हटले. आत्यांनी हात जोडून सांगितलं, "बाबांनो, कुणी सुपारीत असाल, बटाट्यात असाल, माझ्यामुळं अडकला असाल तर आता सुखानं जा. चुकलं माझं." आणि पट्ट्यावर अक्षता टाकल्या. पाठोपाठ पाचही जणींनी मुठी मोकळ्या केल्या. पट्टा कुंकवाच्या तांदळांनी लाल झाला.

हौसाक्कानं हिरवं बटण दाबलं.

घंटा वाजली. तिनं परत दाबलं, परत घंटा. मी पट्ट्याजवळच्या पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आतापर्यंत डोळा एकेका वस्तूभोवती लाल चौकट काढायचा. आता एकच चौकट होती, पट्ट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला शिकवलेल्या प्रत्येक पूजेच्या फोटोत अक्षता होत्या. आम्ही अक्षता टाकल्या, आणि त्याच्या लेखी गावचा सगळा कचरा देव झाला.

"आता उचला," हौसाक्का म्हणाली. "सहा टन हाय."

चौदाशे बत्तीस.

कॅमेऱ्यावर कापड टाकून पाहिलं. आमच्याकडं रविवारी मटण शिजतं तेव्हा देव्हाऱ्याचा पडदा ओढतात, तसा. अंधार झाल्यावर डोळ्यानं बिघाड समजून मोटर अडवूनच ठेवली. कापड काढल्यावर चार मिनिटं तो जागा होत होता. चौदाशे वीस.

"त्याला काहीतरी दिसायला हवं," मी म्हटलं. "उजेडात, स्पष्ट. पण असं, की ज्यात ह्या गावातल्या कुणालाही कधी देव दिसलेला नाही."

पाच बायका, आत्या, नाना, सगळे खरोखर आठवत होते. एकीनं झाडू म्हटलं. दुसरी म्हणाली, झाडू लक्ष्मी. चप्पल? पादुका. दगड तर नावच काढू नका. कुत्रा, कावळा, साप, उंदीर, कुणीच सुटेना.

हौसाक्का फळीवरून उतरली आणि कचऱ्याच्या खड्ड्याकडं गेली. आली ती एक फ्लेक्स ओढत. दहा बाय सहाचा, गुंडाळलेला, एका कोपऱ्याला डाळीचं पाणी लागलेलं. तिनं तो जमिनीवर उलगडला. पांढरी टोपी, जोडलेले हात, आणि खाली मोठ्या अक्षरांत वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

नानांनी आधी फ्लेक्सकडं पाहिलं, मग हौसाक्काकडं.

"तीस वर्सं डेपोवर उचलतीया ह्यास्नी," ती शांतपणे म्हणाली. "मिरच्या वाळवायला झ्याक. पन देव न्हाई दिसला कदी."

फ्लेक्सचं एक शास्त्र मला माहीत आहे. तो क्लोरीनच्या प्लास्टिकचा असतो. डेपोवर पेटला की त्याचाच सगळ्यात वाईट धूर, जुईला पंप लावायला लावणारा. हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, आत्या बोलल्या.

"भावजी, लावू का?"

"वैनी, माझी ना नाही," नाना म्हणाले. ते खरोखर काळजीत होते. "पण उपयोग व्हायचा नाही. कार्यकर्ते आहेत ना माझे. फोटो मागवले तेव्हा त्यांनी माझेही पाठवलेच असणार. शंभरेक तरी. मशीन माझ्यापाशी थांबेल."

ही शंका रास्त होती. दोन वर्षांपूर्वी कार्यकर्त्यांनी केलेल्या त्यांच्या तुलेला गूळ कमी पडला होता. पण आकडा चौदाशे तेरा होता. आम्ही फ्लेक्स चार बांबूंवर ताणून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, पट्ट्याच्या हातभर वर बांधला. आता डोळ्याला फक्त नाना दिसत होते, आणि कचऱ्याला जायला खालून वाट मोकळी होती.

दिवा पिवळा झाला. म्हणजे तो विचार करत होता. नेहमी दोन सेकंद करतो, तेव्हा अकरा केले. चौदाशे नऊ. नाना डोळे मिटून पुटपुटत होते. थांबू नको म्हणत होते की थांब म्हणत होते, ते मी कधीच विचारणार नाही.

दिवा हिरवा झाला. पट्टा सरकायला लागला. लाल तांदळांनी माखलेला सहा टन कचरा एकदाही न अडखळता भट्टीच्या तोंडात गेला.

चौदाशे पाचवर आकडा थांबला. थोडा वेळ तिथंच थरथरला, आणि मग सहा, सात, अकरा.

बायकांनी एकमेकींना कुंकू लावलं. नाना वर मान करून दिव्याकडंच बघत होते.

"परत एकदा बघायला सांगा त्याला," ते म्हणाले. "एवढ्या लांबून नीट दिसलं नसेल."

"नाना, सुपारीपेक्षा हातभर जवळ होतात तुम्ही."

"शंभर तरी पाठवायला पाहिजे होते पोरांनी," ते म्हणाले, आणि जाऊन पाटावरच्या सुपाऱ्यांशेजारी बसले.

सहा वाजेपर्यंत पट्टा थांबला नाही. डोळ्याचं काम हौसाक्कानं केलं. ती फळीवर उभी राहिली आणि कचरा चालता चालताच पाहत गेली, तीस वर्षं पाहत आली होती तसा. एवढ्या वेळात तिनं दोन तसबिरी आणि पितळेचा एक बोटभर बाळकृष्ण उचलला. सुपारी एकही नाही. ठीक सहाला रिबेलोबाईंनी शेवटचा आकडा लिहिला, पंधराशे अठ्ठावीस, त्याखाली सही केली आणि वही मिटली.

"माझ्या नोकरीत बारा भट्ट्या पाहिल्या," त्या मला म्हणाल्या. "उपास घडलेली ही पहिलीच."

आठ दिवसांनी डेपोला कुलूप लागलं. उरलेला ढीग मातीखाली गेला आणि धूर थांबला, आता तो ढीगही भट्टी रोज थोडा थोडा खाणार आहे. मागच्या खिडकीच्या फटींना लावलेली चिकटपट्टी मी सुरीनं खरवडून काढली. तिच्याबरोबर रंगही निघाला.

त्या रविवारी दुपारी नाना घरी आले. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मग खिशातून पाकीट काढलं.

"सूनबाई, त्या मशीनचं शिक्षण परत करणार आहेत म्हणे."

"हो. ह्या वेळी फोटो तपासून."

"हा एक घाला त्यात. अगदी साधा आहे. टोपीसुद्धा नाही."

आत्या शेंगा सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. "भावजी, देवांत बसायचंय?"

"तसं नव्हे, वैनी. पण चार तास ते माझ्याकडं बघत होतं. एकटक. बटाट्यात दिसला त्याला, बुटात दिसला. माझ्यात चुकूनसुद्धा एकदा दिसू नये?"

त्यांचा चेहरा इतका खरा होता की मला हसता येईना. "नाना," मी म्हटलं, "तुमचा फोटो घातला, तर तुमचा एकही फ्लेक्स भट्टीत जाणार नाही. प्रत्येकाला पट्टा थांबणार. हौसाक्का एकेक उचलून पाटावर ठेवणार. मग वाढदिवसाच्या दीडशे फ्लेक्सचं करायचं काय?"

"ठेवू कुठंतरी. वैनींच्या माळ्यावर..."

"माझ्या माळ्यावर जागा नाही," आत्या म्हणाल्या.

नानांनी पाकिटाकडं पाहिलं, ते परत खिशात घातलं, आणि काहीतरी मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. आतल्या पलंगावर जुई झोपली होती.

"आजारी आहे का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मग एवढी गप्प कशी?"

मी आणि आत्यांनी एकदमच वळून पाहिलं. जन्मल्यापासून माझी मुलगी तोंड उघडं टाकून झोपायची, श्वास नाकातून पुरायचाच नाही तिला. आता तिचे ओठ मिटलेले होते. छाती वर खाली होत होती, तिच्यातून शिट्टी येत नव्हती. उशीवर लाळेचा डाग नव्हता. आत्यांनी शेंगांची सुपली हळूच खाली ठेवली, आणि ठेवल्यावर तिथून हात काढायचं विसरल्या.

नाना निघायला उठू लागले, तर खुर्ची कुरकुरली. जुईनं कूस बदलली. नाना तसेच, अर्धे उठलेले, थबकले, आणि मग अगदी सावकाश परत बसले. ती जागी होईपर्यंत, चांगला तासभर, ते गुडघ्यांवर हात ठेवून खिडकीशी बसून राहिले. जराही हलले नाहीत.